शंभराचा पोपट

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, आमच्या नमुना-खोलीत
मे महिन्यात अकरा पोरं आली.
दहा पुण्याची, एक इथलीच.
कंपनीनं प्लायचे तुकडे दिले, पितळी बिजागऱ्या दिल्या,
आणि एकच अट: घरात कामाला यावं,
पण बघून हसू फुटावं.

मी सव्वीस वर्षं टेबलं केली.
टेबलाकडं बघून कुणी हसलेलं आठवत नाही.
एकदा एक पाय आखूड पडला, तेव्हा मुकादम हसला होता.
ते हसणं वेगळं.

कुणी चपलांसाठी सुसर केली,
जबडा उघडला की चार जोड पोटात.
कुणी घुबड केलं, किल्ली अडकवली की एक डोळा मिटणारं.
उंच पोरगा होता, ईशान गाडेकर,
त्यानं बंद पडलेल्या मागाचे जकार्डचे पत्ते आणले,
भोकाभोकांचे, चादरीवरचा मोर ज्यात झोपून असतो ते,
आणि त्यांचा दिवा केला.
लावला, तर भिंतीवर नुसते ठिपके.
"मोर यायला धागा लागतो," मी सहज बोलून गेलो.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं.
मलाच लाजल्यासारखं झालं.

इथली ती वाणिश्री बोद्दुल.
तिनं एक बुटका पाट केला,
पाठीला टेकू, पुढं सूप बसेल अशी खाच,
कडेला तार, तारेत दहा मणी.
मणी सरकवला की
हिरवा पोपट मान खाली घालतो.
"एक मणी म्हणजे शंभर विड्या," ती म्हणाली.
"आई रोज हजार वळते.
मधेच कुणी हाक मारली की आकडा सुटतो,
मग पुन्हा पहिल्यापासून."

पोपटाची स्प्रिंग मी बसवून दिली.

निमकर साहेबांना पाट आवडला.
म्हणाले, विडी हा शब्द नको.
घरून काम म्हणू. सूप काढू, लॅपटॉप बसवू.
मणी कशाला?
पोपट मात्र राहू दे, पोपट खपेल.

शनिवारी वाणिश्रीनं आईला आणलं.
नरसम्मा बसली. पान, तंबाखू, कात्री, सगळं तिचं तिनंच आणलेलं.
पाट हलवून बघितला, टेकू दाबून बघितला,
आणि विचारलं, "दोरा कुठं ठेवू?"

अकरा पोरं, दोन मास्तर, एक साहेब, एक मी.
सगळ्यांचाच पोपट झाला.

खिशात खिळा होता. ठोकला.
"तिकडं न्हाई ओ, डावखुरी हाय मी."
उपटला, इकडं ठोकला.
मग तिची बोटं चालू लागली
आणि खोलीत कुणाला बोलायचं सुचेना.
शंभर झाल्या. मणी सरकला.
पोपटानं मान घातली,
तर तिनंही हलकेच मान हलवली,
नळावर ओळखीची बाई दिसावी तशी.
तेव्हा वाणिश्री हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

पोरं गेली. कंपनीची चकचकीत पुस्तिका आली.
पान नऊवर पाट आहे, फिकट हिरवा,
खाच नाही, तार नाही,
पोपट उगाचच मान घालतो.

दोन खिळ्यांची भोकं असलेला खरा पाट
विडी घरकुलात आहे.
परवा सायकल काढून गेलो होतो.
नरसम्मानं पाणी दिलं, बोटं थांबवली नाहीत.
"पोपट शहाणा हाय," म्हणाली.
"पर कारखान्यात चाळीस छाट काढल्या
तर ते ह्याला कसं सांगायचं?"

स्प्रिंग एकाच अंगाला जाणारी.
उलट मोजावं लागेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
मागून आणलाय पोपट.
आजचा चौथा रविवार,
मान खाली जाते नीट,
वर यायला अडते.